माळ्यावरचा मिक्सर: प्लग लावायच्या आधी उघडा

ठाण्याच्या नौपाड्यात एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की माळे रिकामे होतात. पितळी पातेली नीट मोजून बाजूला ठेवली जातात, कारण पितळेचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. मिक्सर मात्र "बहुतेक चालत नाही" एवढ्या निकालावर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो. त्याआधी कुणीतरी तो चालतो का म्हणून प्लग लावून बघितलेला असतो, आणि पुष्कळदा तो खरा मेला तेव्हाच.

साठ-सत्तरच्या दशकातली मोटर नुसती पडून राहिल्यानं खराब होत नाही. पण ठाण्याच्या खाडीची हवा, पन्नास पावसाळे, तांब्याच्या तारेच्या गुंडाळीच्या कापडी पट्ट्यांत आणि वॉर्निशच्या भेगांत मुरलेली ओल, मोटरचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो त्या बुशमधलं वाळून डिंक झालेलं तेल, या सगळ्यासकट तिला एकदम २३० व्होल्ट मिळाले की शाफ्ट अडकलेला, करंट चढलेला आणि इन्सुलेशन ओलं. दहा सेकंदांत जळका वास. म्हणून जुना मिक्सर घेतला तर पहिलं हत्यार स्क्रू ड्रायव्हर, प्लग नव्हे.

हे मिक्सर जपावेत का, याचं उत्तर त्यांच्या जन्मात आहे. परदेशी लिक्विडायझर फळांचा रस, सूप, मेयोनीज यांसाठी बनलेले होते. आपलं वाटण म्हणजे सुकं खोबरं, धने, भिजवलेली डाळ, पाटा-वरवंट्याचं काम. मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी असाच एक जर्मन मिक्सर वाटणापुढे जळला, दुरुस्ती काही होईना, तेव्हा त्यांनी आपल्या स्वयंपाकाला पुरेल अशी मोटर स्वतःच बनवली. पत्नी माधुरी माथुर यांनी ते यंत्र घरच्या स्वयंपाकात पारखलं. १९६३ मध्ये कंपनी उभी राहिली, आणि 'सुमीत' हे नाव पुढे अनेक घरांत मिक्सरलाच पर्यायी शब्द झालं. जुन्या मिक्सरमध्ये शोधायचं ते हेच: जाड शाफ्ट, तांब्याची भरघोस गुंडाळी आणि उघडता येईल असं अंग. रंग उडालेला असला तरी बिघडत नाही. घासून चकचकीत केलेला मिक्सर दिसला तर उलट जास्त बारकाईनं बघा.

विकत घेताना (मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर असो की तुर्भ्याच्या भंगाराच्या दुकानात) वीज लागतच नाही. भांडं ज्यावर बसतं तो मोटरवरचा दातेरी कपलर बोटांनी फिरवा. गुळगुळीत फिरून हलक्या झटक्यानं थांबला तर उत्तम. जड फिरतोय पण फिरतोय, तर तेल वाळलंय. हे बरं होतं. अजिबात फिरत नसेल तर किंमत पाडून घ्या. मग शाफ्ट आडवा हलवून पाहा. स्पष्ट 'खट' जाणवली की वरचा बुश गेला. उभी हालचाल मात्र थोडी हवीच, अर्धा मिलिमीटरभर. ती दोष नाही. हवेच्या फटींतून टॉर्च मारून गुंडाळी बघा: लालसर-तपकिरी चमक चांगली, कोळशासारखा काळा भाग वाईट. आणि नाक लावा. जळलेल्या वॉर्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही.

भांडी सोबत नसतील तर सौदा अर्धाच. मोटरचे सुटे भाग जुळवता येतात, पण भांडं बसवायच्या खाचा आणि कपलरचे दात कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळे. भांडी आहेत आणि मोटर नाही, अशी वस्तू मिळाली तर तीही घेऊन ठेवावी.

आता उघडायचं. तळाचे स्क्रू निघाले की वायरींचे फोटो काढा, प्रत्येक वायरीला कागदी पट्टी चिकटवून नंबर द्या. स्पीडच्या स्विचकडे जाणाऱ्या तीन-चार वायरी फील्ड कॉइलच्या (मोटरमधल्या स्थिर गुंडाळीच्या) वेगवेगळ्या टप्प्यांवरून निघालेल्या असतात. त्या उलटसुलट झाल्या तर १ वर वेग आणि ३ वर रडगाणं असा प्रकार होतो. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) बाहेर ओढायच्या आधी कार्बन (त्याला वीज पोचवणारे दोन ठोकळे) काढा. हा क्रम चुकला की कार्बनचा टवका उडतो आणि होल्डरही वाकतो. कुठला कार्बन कुठल्या बाजूचा आणि त्याची कुठली कड वर होती, हे नेलपॉलिशच्या ठिपक्यानं खुणावून ठेवा. तोच कार्बन परत बसवायचा असेल तर तो त्याच जागी, त्याच तोंडानं बसला पाहिजे, कारण त्याची अंतर्गोल झीज कम्युटेटरशी (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाशी) त्या जागीच जुळलेली असते.

कपलर काढताना लोक हमखास चुकीच्या बाजूला जोर लावतात. नियम सोपा आहे. मोटरवरचा कपलर चालताना भाराने मागे ढकलला जातो, म्हणून त्याचा आटा मागे ढकललं की घट्ट होईल असा पाडलेला असतो. म्हणजे शाफ्ट खालून धरून मोटर ज्या दिशेनं फिरते त्याच दिशेला कपलर फिरवला की तो सुटतो. भांड्यातल्या पात्यालाही हाच नियम. भांड्याच्या बुडाचा कपलर मात्र उलटा: तो स्वतः ढकलणारा आहे, त्यामुळे फिरण्याच्या विरुद्ध दिशेला सुटतो. शाफ्टच्या खालच्या टोकाला बहुधा स्क्रू ड्रायव्हरची खाच असते, तिथे धरा; पंख्याला धरून जोर लावला तर पाती तुटतात. अगदीच हलत नसेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब आणि एक रात्र. हातोडी नाही.

आतली काळी भुकटी म्हणजे कार्बनचा चुरा, आणि तो वीज वाहतो. मऊ कोरड्या ब्रशनं झाडा, गॅलरीत जा, तोंडाला मास्क लावा. तेलकट चिखल झाला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पेट्रोल, थिनर वापरू नका. थिनर वॉर्निश मऊ करतो आणि प्लॅस्टिकचं अंग चिरवतो.

मग वाळवण. जुना साठ वॅटचा तारेचा बल्ब घ्या. एलईडीला ऊब नसते, त्यामुळे तो इथे बिनकामाचा. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात मोटर आणि बल्ब एकमेकांना न टेकता ठेवा, चोवीस तास. हात लावला तर छान गरम लागावं, चटका बसू नये. पावसाळ्यात हे दोन दिवस करा. वाळवण्यापूर्वी आणि नंतर मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) मोजलंत तर फरक बघून थक्क व्हाल. ५०० व्होल्टचा मेगर, एक टोक गुंडाळीला, दुसरं लोखंडाला. २ मेगओहमच्या वर आकडा आला तर पुढे जा. १ च्या खाली असेल तर परत वाळवा. दोनदा वाळवूनही चढत नसेल तर गुंडाळी कुठेतरी लोखंडाला टेकलेली आहे आणि प्रश्न रिवाइंडिंगचा, म्हणजे नवी गुंडाळी भरण्याचा आहे.

आर्मेचर साध्या मल्टिमीटरनंही बरंच काही सांगतं. कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधला रेझिस्टन्स मोजत पूर्ण फेरी मारा. आकडा किती आहे याला फारसं महत्त्व नाही, सगळे सारखे आहेत का ते बघा. एक जोडी एकदम वर गेली तर तिथली तार तुटलेली किंवा टाका सुटलेला, आणि सुटलेला टाका पुन्हा मारता येतो. एक जोडी एकदम खाली आली तर आत वेढे शॉर्ट. त्याची खात्री रिवाइंडिंगवाल्याकडच्या ग्रोलरवर होते: आर्मेचर त्यावर ठेवून वरून हॅकसॉचं ब्लेड फिरवतात, शॉर्ट असलेल्या खाचेवर ब्लेड खडखडतं.

रिवाइंडिंग टाळता आलं तर टाळा. मूळ गुंडाळी मशीनवर ताणून, मोजून भरलेली आणि नीट भाजलेली असते. टाळता आलं नाही तर दुकानदाराला तीन गोष्टी आधीच सांगा. जुनी गुंडाळी कापण्यापूर्वी वेढे मोजून तारेची जाडी (गेज) लिहून ठेवा. तार तांब्याचीच वापरा. वॉर्निश लावून भट्टीत भाजा, नुसतं उन्हात नको. तार तांब्याची आहे का हे तिथंच टोक खरवडून दिसतं. आतून पांढरं निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या सुमारे १.६ पट. त्याच खाचेत तेवढीच जाड तार भरली तर मोटर तापणारच, पहिल्या मसाल्याला नाही तर दुसऱ्याला. आणि आर्मेचर परत आल्यावर बॅलन्स करून घेतलंय का ते विचारा. पंधरा-अठरा हजार फेऱ्यांवर दोन ग्रॅम इकडचे तिकडे झाले तरी ओटा थरथरतो.

कम्युटेटर काळपट-चॉकलेटी आणि गुळगुळीत असेल तर त्याला हात लावू नका. ती झिलई कमावलेली असते. खड्डे, हिरवट डाग किंवा जळके ठिपके असतील तरच शून्य नंबरचा काचपेपर पट्टी करून, आर्मेचर फिरवत, हलक्या हातानं. एमरी पेपर नको, त्याचे वीजवाहक कण पट्ट्यांच्या मध्ये रुततात. तांबं झिजून मधला अभ्रक वर आला असेल तर कार्बन त्यावर उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. जुन्या हॅकसॉच्या ब्लेडच्या दातांच्या बाजू घासून ते पातळ करा आणि अभ्रक तांब्याच्या अर्धा मिलिमीटर खाली खरवडा. काम किचकट आहे, डोळ्याला भिंग लावून एक तास जातो. जुना मिक्सर खऱ्या अर्थानं नवा होतो तो याच तासात.

कार्बन ६ मिलिमीटरपेक्षा कमी उरला तर बदला, जोडीनेच. माप व्हर्नियरनं घ्या आणि जुना नमुना दुकानात घेऊन जा. ठाणे स्टेशनजवळच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानांत नाही मिळाला तर मुंबईची लोहार चाळ. होल्डरमध्ये कार्बन स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे. घट्ट असेल तर कार्बनच्या बाजू काचपेपरवर घासा, सैल असेल तर तो तुमच्या मिक्सरचा नाही. नवा कार्बन बसवण्याआधी कम्युटेटरवर काचपेपर खरखरीत बाजू वर ठेवून गुंडाळा, कार्बन स्प्रिंगसकट दाबून आर्मेचर पुढे-मागे फिरवा. कार्बनच्या तोंडाला गोलाई आली की पेपर काढा आणि चुरा झाडून टाका.

बुश बहुधा छिद्रिल ब्राँझचे असतात, तेल पिऊन बसणारे. भोवती नमद्याची चकती असते. बुश चांगला असेल तर जुना डिंक पुसून नमद्यावर तीन-चार थेंब मशीन ऑइल पुरे. नवा बुश घालायचा तर आधी रात्रभर कोमट तेलात बुडवून ठेवा, कोरडा ठोकू नका. आणि खोबरेल तेल? ते हिवाळ्यात थिजतं आणि पुढे चिकट होतं, त्यामुळे नाही. जास्त तेल घालणं हा उत्साही माणसांचा आजार आहे: जादा तेल कम्युटेटरवर उडतं, कार्बनच्या चुऱ्यात मिसळतं आणि त्याचा वीज वाहणारा लेप तयार होतो.

वायर नवीनच घाला, वाद नको. जुन्या मिक्सरला दोन पिनांची वायर आणि धातूचं अंग असेल, तर ती जोडी ओल्या ओट्यावर चालवायची नाही. तीन तारांची ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचीक वायर आणि ६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग ६०० वॅटच्या मिक्सरला पुरेसा आहे. ६०० भागिले २३० म्हणजे २.६ अँपिअर. जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. नव्या वायरीत तेच अनुक्रमे तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा. अर्थची तार मोटरच्या लोखंडाला आणि धातूच्या तळाला दोन्हीकडे, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून कसा. घरच्या डीबीत (विजेच्या पेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, मग छंद.

स्विचच्या आसपास मेणचट कागदी कपॅसिटर दिसला तर काढून टाका. रेडिओची खरखर कमी करायला तो असतो आणि म्हातारपणी गळका होतो. त्याच्या जागी ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा, 'एक्स-टू' छाप असलेला घाला.

पहिल्यांदा चालू करताना मोटरच्या ओळीत (सीरीजमध्ये) २०० वॅटचा तारेचा बल्ब जोडा. बल्ब लख्ख पेटला आणि मोटर नुसती घुमली म्हणून घाबरू नका. थांबलेल्या सीरीज मोटरचा रेझिस्टन्स अगदी कमी असतो, त्यामुळे तसंच होतं. बल्ब इथे निदान करायला नाही, आत काही चुकलं असेल तर धूर न होता कळावं म्हणून आहे. मोटर हळूहळू फिरली, जळका वास नाही, मेगरचा आकडा चांगला होता, तर बल्ब काढून थेट लावा: भांड्यात अर्ध्यापर्यंत पाणी, स्पीड १, एक मिनिट. थांबा. असं पाच-सहा वेळा केलं की कार्बन बसतात. भांडं न लावता जास्त वेळ चालवू नका, कारण भार नसला की या मोटरचा वेग चढतच जातो. कार्बनखाली बारीक निळ्या ठिणग्या चालतील. कम्युटेटरभोवती पिवळी कडी फिरताना दिसली की लगेच बंद: आर्मेचरमध्ये दोष आहे किंवा अभ्रक वर राहिलाय.

आता भांडी. गळती आणि वाटणात येणारी काळी रेघ, दोन्हींचं मूळ बुडाच्या बुशमध्ये. काळी रेघ म्हणजे झिजलेला धातू आणि जुनं ग्रीस. त्या भांड्यातलं वाटण खाऊ नये, बुश बदलेपर्यंत भांडं बाजूला ठेवावं. नव्या बुशला खाद्यपदार्थांसाठीचं सिलिकॉन ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं. पात्याखालचा वायसर आणि झाकणाचं रबर एकाच वेळी बदला. खडेमीठ फिरवल्यानं पात्याला धार येते असं सांगतात. कडांवर बसलेला थर निघतो, एवढंच. धार लावायची तर पातं काढून बारीक दगडावर, मूळ कोन राखून. रबरी किंवा नायलॉनचा कपलर सारखा तुटतो म्हणून धातूचा घालू नका. तो तुटतो म्हणून शाफ्ट वाचतो.

वापरताना घड्याळ जवळ ठेवा. या मोटरी सतत चालण्यासाठी नाहीत, नेमप्लेटवर किती मिनिटं चालू आणि किती बंद हे लिहिलेलं असतं. पाटी पुसली असेल तर एक मिनिट चालू, दोन मिनिटं बंद हे धोरण सोडू नका. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. एपीएमसीच्या मसाला बाजारातून आणलेली हळकुंडं आधी खलबत्त्यात फोडून घ्या. अख्खं हळकुंड पात्याखाली अडकलं की मोटर थांबते आणि थांबलेली मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. दाण्याचं कूट झटक्या-झटक्यानं, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. गोडा मसाला वाटताना खोबरं आणि तीळ शेवटी, भाजलेलं सगळं पूर्ण गार झाल्यावर. इडलीच्या उडदाला फ्रीजमधलं पाणी घाला. आणि मिक्सरखाली आवाज कमी व्हावा म्हणून घडी केलेला पंचा ठेवू नका. हवा खालून आत जाते. पायांचं रबर दगड झालं असेल तर नवीन पाय लावा, आवाज आपोआप कमी होतो.

परदेशी मिक्सर हौशीनं आणणारेही आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. अमेरिकेतला ११५ व्होल्टचा जुना ब्लेंडर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर खुशाल चालतो, कारण कार्बनच्या मोटरला आपले ५० हर्ट्झ काय नि तिथले ६० काय. पण त्याच काळातला अमेरिकन डिशवॉशर आणला तर हिशेब बदलतो. त्यात इंडक्शन मोटर असते, कार्बन नसलेली, आणि तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. चार पोलची मोटर मिनिटाला १८०० च्या जवळपास फिरायची ती १५०० च्या जवळ येते, पाण्याचा मारा मंदावतो, घड्याळाची मोटर दहा मिनिटांचं काम बारा मिनिटांत करते, आणि मोटर जास्त तापू नये म्हणून ११५ ऐवजी साधारण ९६ व्होल्टच द्यावे लागतात. कोलशेतच्या वन बीएचकेत तो ठेवणार कुठे हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

पावसाळ्यात मिक्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम धरतो. सुती कापड झाका, शेजारी १०० ग्रॅम सिलिका जेल, आणि दर पंधरा दिवसांनी मिनिटभर पाण्यावर फिरवा. सुटे कार्बन, वायसर, कपलर झाकणाच्या बरणीत, प्रत्येक पुडीवर मॉडेल आणि माप पेननं लिहून. वर्षभरानं त्या सगळ्या पुड्या एकसारख्याच दिसतात.